जुन्या लॅपटॉपचा विसरलेला हार्डवेअर पासवर्ड: आधी तो कुठे साठवलाय ते शोधा

‘सेल काढला की पासवर्ड उडतो’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. डेस्कटॉपच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. जुन्या लॅपटॉपवर मात्र हा सल्ला कधी लागू पडतो, कधी वाया जातो, आणि कधी चांगलं चालणारं मशीन बंद पाडतो. फरक कशाने पडतो, तर पासवर्ड नेमका कुठे लिहिलाय त्याने. जागा चार: बोर्डाला जोडलेल्या छोट्या सेलवर जिवंत राहणारी सीमॉस मेमरी (तारीख-वेळ आणि सेटिंग्ज जपणारी), वीज गेली तरी मजकूर टिकवणारी बोर्डावरची छोटी ईईप्रॉम चिप, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) फ्लॅश चिप, आणि खुद्द हार्ड डिस्क. यातली कुठली हे ठरल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

पडदा काय विचारतोय यावरून बरंच कळतं. चालू करताक्षणी विचारणा झाली तर तो बहुधा पॉवर-ऑन पासवर्ड. मशीन सुरळीत बूट होतं, पण सेटअपमध्ये, म्हणजे बायोसच्या सेटिंगांच्या पडद्यावर, जायला कळ दाबली की अडतं, तर तो सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड. आयबीएमच्या थिंकपॅडवर शब्दांऐवजी चित्रं असतात: कुलपाशेजारी मॉनिटर म्हणजे पॉवर-ऑन, कुलपाशेजारी माणूस म्हणजे सुपरवायझर, आणि कुलपाशेजारी नळकांडं म्हणजे हार्ड डिस्क. चित्र नीट बघा. नळकांडं असेल तर बोर्डावर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही, कारण तो पासवर्ड बोर्डावर नसतोच.

काहीही उघडण्याआधी कीबोर्डवर संशय घ्या. पासवर्ड आठवतोय पण चालत नाही, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा मेलेली कळ असते. पासवर्डच्या चौकटीत प्रत्येक कळ हळू दाबून एकेक चिन्ह उमटतंय का ते मोजा. सेटअपच अडलेला असेल आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत असेल, तर साध्या नोटपॅडमध्ये सगळ्या कळा तपासता येतात. दुसरी गोम नम लॉकची. जुन्या लॅपटॉपवर अक्षरांच्या कळांमध्येच अंकांचा पॅड दडलेला असतो. नम लॉक चालू असेल तर जे, के, एल या कळा १, २, ३ देतात आणि यू, आय, ओ या ४, ५, ६. पासवर्ड ठेवताना नम लॉक चालू असेल आणि आज बंद असेल, तर तेच शब्द टाइप करूनही जुळत नाहीत. दोन्ही स्थितींत एकदा प्रयत्न करा. कॅप्स लॉकची काळजी बहुतेक जुन्या बायोसमध्ये नसते, कारण तिथे अक्षर नाही तर कळेचा स्कॅन कोड, म्हणजे त्या कळेचा ठरलेला क्रमांक, साठवला जातो, आणि लहान-मोठ्या अक्षराची कळ एकच. बाहेरून कीबोर्ड जोडायचा तर पीएस-टू पोर्ट असल्यास तो वापरा. यूएसबी कीबोर्ड या टप्प्यावर प्रत्येक जुन्या मशीनवर जागा होतोच असं नाही.

आता सेलबद्दल. फक्त पॉवर-ऑन पासवर्ड असेल, तर सेल काढणं हाच योग्य मार्ग. चार्जर काढा, मुख्य बॅटरी काढा, मग सीमॉसचा सेल. हा बहुधा ३ व्होल्टचा सीआर-२०३२ किंवा त्याच्याहून पातळ भाऊबंद असतो, पिवळ्या किंवा काळ्या वेष्टनात, दोन तारांच्या छोट्या कनेक्टरने बोर्डाला जोडलेला. कनेक्टर तारांना धरून ओढू नका, प्लास्टिकला नख किंवा चिमटा लावून सरकवा. मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरांत उरलेला चार्ज निघून जाईल, आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मुख्य बॅटरी काढायची विसरली तर तासभर थांबूनही काही होत नाही, कारण सीमॉसला तिकडूनही वीज मिळत राहते.

पण थिंकपॅडवर सुपरवायझर पासवर्ड लागलेला असेल तर सेलला हात लावू नका. सेल काढला की घड्याळ शून्यावर जातं, आणि पुढच्या वेळी ०२७१ म्हणजे तारीख-वेळ तपासा, किंवा ०२५१ म्हणजे सीमॉसची तपासणी बेरीज (मजकूर शाबूत आहे का ते पडताळणारा आकडा) चुकली, असा संदेश येतो. तो दुरुस्त करायला सेटअपमध्ये जावं लागतं, आणि सेटअप सुपरवायझर पासवर्ड मागतो. सेल काढण्याआधी निदान बूट होत होतं, आता तेही नाही. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डीबग प्रोग्रॅममधून ७० आणि ७१ या पोर्टांवर लिहून सीमॉसची बेरीज मुद्दाम बिघडवण्याची जुनी युक्ती आहे, तिचाही या मशीनवर हाच परिणाम. सेल आपणहून संपत आला असेल तर चार्जर सतत लावून ठेवा आणि पासवर्ड निघेपर्यंत काढू नका.

काही कंपन्यांचा मार्ग याहून सोपा. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकला की काही लॅपटॉप ‘सिस्टिम डिसेबल्ड’ असं लिहून एक आकडा दाखवतात. फिनिक्स बायोस असलेल्या बऱ्याच मशीनांवर तो पाच अंकी असतो. हा आकडा म्हणजे पासवर्डची १६ बिटांची तपासणी बेरीज. १६ बिटांत फक्त ६५,५३६ शक्यता मावतात, म्हणून असंख्य वेगवेगळ्या पासवर्डांची बेरीज एकच येते. बायोस मूळ शब्द ताडून बघत नाही, फक्त बेरीज बघतो. त्यामुळे बेरीज जुळणारा कुठलाही शब्द शोधणारा छोटा प्रोग्रॅम पुरतो, आणि तो काही सेकंदांत उत्तर देतो. मिळालेला शब्द निरर्थक अक्षरांचा असतो; तुमचा मूळ पासवर्ड तो नसतोच, आणि तसा असायची गरजही नाही. तो अमेरिकन मांडणीच्या कीबोर्डप्रमाणे टाइप करायचा. फ्रेंच किंवा जर्मन मांडणीचा लॅपटॉप असेल तर छापलेलं अक्षर न बघता कळेची जागा बघा.

डेलचे जुने लॅपटॉप आकड्याऐवजी सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग आणि त्यापुढे चार अक्षरांची शेपटी दाखवतात. शेपटी ५९५बी आहे, डी३५बी आहे की २ए७बी, यावर गणित बदलतं, म्हणून सगळं अक्षरशः उतरवून घ्या. इथे एक बारीक खोच आहे: काही मॉडेलांवर मिळालेला पासवर्ड टाकून नुसतं एंटर दाबलं तर तो चुकीचाच ठरतो, कंट्रोल दाबून एंटर द्यावं लागतं. खरेदीची पावती तुमच्या नावावर असेल तर आधी कंपनीच्या मदत केंद्राला विचारा. सेकंडहँड मशीन घेतलं असेल आणि तळाशी एखाद्या संस्थेच्या मालमत्तेची पट्टी चिकटलेली असेल, तर विकणाऱ्याला फोन करणं ही पहिली पायरी. बऱ्याचदा पासवर्ड तिथेच मिळतो, आणि मशीन चोरीचं नाही याचीही खात्री होते.

तोशिबाच्या फार जुन्या लॅपटॉपांवर तर कंपनीनेच मागचं दार ठेवलं होतं. दुसऱ्या सेक्टरच्या सुरुवातीला ठरावीक पाच बाइट लिहिलेली फ्लॉपी घातली, किंवा प्रिंटरच्या पोर्टात पिना आपसांत जोडलेला प्लग लावला, की पासवर्ड पुसला जायचा. ॲपलच्या सुट्या रॅमच्या जुन्या मशीनांवर रॅमची मात्रा बदलून कमांड, ऑप्शन, पी आणि आर या चार कळा धरून ठेवायच्या आणि तीनदा रीस्टार्ट होऊ द्यायचं, की फर्मवेअरचा (ॲपलवर बायोसचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचा) पासवर्ड जायचा.

खरी कसोटी आयबीएमच्या काळातल्या थिंकपॅडची. कंपनीचं अधिकृत उत्तर एकच: सुपरवायझर पासवर्ड हरवला तर मदरबोर्ड बदला. प्रत्यक्षात टी-४०, टी-४१, टी-४२ या पिढीपर्यंत पासवर्ड बोर्डावरच्या ॲटमेल २४आरएफ०८ किंवा तिच्या जागी बसवलेल्या फिलिप्स पीसीए२४एस०८ या चिपमध्ये जवळजवळ उघडाच पडलेला असतो. क्षमता ८ किलोबिट, म्हणजे १,०२४ बाइट. दोन तारांच्या आयटूसी बसवर (चिपांमधल्या देवाणघेवाणीच्या वाटेवर) ती बोलते, एक डेटाची आणि एक क्लॉकची. नंतरच्या पिढ्यांत पासवर्ड सिक्युरिटी चिपच्या मदतीने कूटबद्ध करून ठेवला जाऊ लागला. तिथे वाचून सरळ काही हाती लागत नाही.

वाचायला महाग यंत्र लागत नाही. रास्पबेरी पाय बोर्ड, त्यावर लिनक्स आणि आयटूसी-टूल्स हे पॅकेज, तीन बारीक इनॅमल तारा, १०० ओहमचे दोन रोधक, सुईसारख्या टोकाची सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, मल्टिमीटर आणि भिंग. तारा वीतभरापेक्षा लांब घेऊ नका. लांबीबरोबर तारेची धारिता वाढते आणि सिग्नलच्या कडा गोल होऊन वाचन चुकतं. रोधक डेटा आणि क्लॉकच्या तारेत एकेक, एकामागोमाग जोडायचे. दोन्ही बाजूंचा व्होल्टेज थोडा वेगळा असला किंवा एक बाजू बंद पडली तर चिपमधून जादा प्रवाह जाऊ नये म्हणून.

चिप शोधताना मॉडेलच्या नावावर विसंबू नका. त्याच मॉडेलच्या बोर्डांतही फरक असतात. भिंगाने छाप वाचा, आणि त्या नेमक्या चिपच्या डेटाशीटवरून पिना ठरवा. साध्या २४ मालिकेतल्या आठ पिनांच्या ईईप्रॉमवर चौथी पिन ग्राउंड, पाचवी डेटा, सहावी क्लॉक आणि आठवी वीज असते. पिनांच्या खाचांत थोडा फ्लक्स लावा, तारेच्या टोकाला आधीच कथील चढवा, आणि आयर्न क्षणभरच टेकवा. शेजारच्या दोन पिनांत पूल झाला नाही ना, हे मल्टिमीटरच्या बीपने तपासा. मग तारा कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) बोर्डाला चिकटवा. हे टाळलं तर पुढे कीबोर्ड हलवताना तार आणि तिच्याबरोबर पॅडही उखडतो. ग्राउंडला चिपची पिनच हवी असं नाही. स्क्रूच्या भोकाभोवतीची चकती चालते, आणि सोल्डर करायलाही सोपी.

दुसरं टोक रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या पट्टीवर: तिसरी पिन डेटा, पाचवी क्लॉक, सहावी ग्राउंड. विजेची तार जोडायची नाही. चिपला वीज लॅपटॉपच देणार. म्हणून क्रम असा: आधी फक्त ग्राउंड जोडा. लॅपटॉप चालू करा, सेटअपची कळ दाबा आणि पासवर्डच्या चौकटीवर त्याला थांबू द्या. मल्टिमीटरने चिपच्या विजेच्या पिनवर ३.३ व्होल्टच्या आसपास दिसतात का बघा. मगच डेटा आणि क्लॉक लावा. या चौकटीवर लॅपटॉप तुमच्या टाइप करण्याची वाट बघत असतो, बसवर वर्दळ नसते. डेटा आणि क्लॉक आधीपासून जोडून लॅपटॉप चालू केला तर सुरुवातीच्या तपासणीत बायोसला चिप नीट वाचता येत नाही आणि तो त्रुटीचा आकडा दाखवून थांबतो. अशा वेळी घाबरू नका. वीज काढा, दोन्ही तारा सोडवा, पुन्हा चालू करा.

इथे एक खड्डा आहे, आणि तो कागदोपत्री नोंदलेला आहे. बसवर कोणती चिप कुठल्या पत्त्यावर आहे हे बघायला आयटूसी-डिटेक्ट हा प्रोग्रॅम असतो. त्याचा ‘क्विक राइट’ प्रकार २४आरएफ०८ चिपमधला मजकूर बिघडवतो. या प्रोग्रॅमच्या माहितीपानातच थिंकपॅडचं नाव घेऊन हा इशारा दिलाय. एकेकाळी लिनक्सवर तापमानाचे सेन्सर शोधणाऱ्या प्रोग्रॅमने धडधाकट थिंकपॅड असेच आडवे केले होते. म्हणून चाचपणी करूच नका. पत्ते ठाऊक आहेत: १,०२४ बाइट चार तुकड्यांत, हेक्स (म्हणजे सोळाच्या पायाच्या मोजणीतल्या) ५४, ५५, ५६ आणि ५७ या पत्त्यांवर, प्रत्येकी २५६ बाइट. हेक्स ५सी हा पत्ता कुठला तुकडा कोणाला वाचू द्यायचा हे ठरवणाऱ्या नोंदींचा. त्याला हात लावू नका.

आयटूसी-डंप हा चिपमधला मजकूर जसाच्या तसा दाखवणारा प्रोग्रॅम बस क्रमांक १, पत्ता हेक्स ५७ आणि बाइट पद्धत देऊन चालवा. पडद्यावर सोळा ओळी, प्रत्येकीत सोळा बाइट. पूर्ण चिपच्या हिशेबाने सुपरवायझर पासवर्ड हेक्स ३३८ आणि ३४० या जागी असतो, म्हणजे या चौथ्या तुकड्यात ३८ आणि ४० वर. ‘३०’ने सुरू होणाऱ्या ओळीचे शेवटचे आठ बाइट आणि तिच्या खालच्या ‘४०’च्या ओळीचे पहिले आठ. दोन्ही गट तंतोतंत सारखे दिसले की समजा, हाच तो. सात बाइट पासवर्डचे, आठवा तपासणी बेरजेचा. पासवर्ड सातपेक्षा लहान असेल तर उरलेल्या जागी शून्यं.

समजा गट १४ १७ २२ १२ १३ ०० ०० असा आहे. हे स्कॅन कोड आहेत, अक्षरांचे नेहमीचे आस्की कोड नव्हेत, म्हणून डंपच्या उजव्या बाजूला दिसणारी अक्षरं निरर्थक वाटतात. कीबोर्डच्या वरच्या रांगेत क्यू १०, डब्ल्यू ११, ई १२, आर १३, टी १४, वाय १५, यू १६, आय १७, ओ १८, पी १९ अशी चढती माळ. मधल्या रांगेत डी २०, एफ २१, जी २२, एच २३, जे २४, के २५, एल २६. तळाच्या रांगेत बी ३०, एन ३१, एम ३२. म्हणजे वरचा गट झाला टी, आय, जी, ई, आर. अंकांच्या कळांचे कोड एकाने पुढे असतात: १ या कळेचा कोड ०२, २ चा ०३, असं करत ९ चा ०ए आणि शून्याचा ०बी. डंपमध्ये ०२ बघून ‘२’ टाइप करणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक.

वाचन दोनदा-तीनदा घ्या, प्रत्येक वेळचं वेगळ्या फाइलीत ठेवा आणि फाइली ताडून बघा. सगळीकडे ‘एक्सएक्स’ दिसत असेल तर चिप उत्तरच देत नाही: तार सुटलीय, डेटा-क्लॉकची अदलाबदल झालीय किंवा ग्राउंड सामायिक नाही. सगळीकडे ‘एफएफ’ असेल तर डेटाची तार नुसती वर ओढलेली आहे, तिच्यावर कोणी बोलत नाही. दर वाचनाला काही बाइट बदलत असतील तर लॅपटॉपही मध्येच बसवर बोलतोय; तो बंद करून पुन्हा चौकटीपर्यंत आणा. एकसारख्या फाइली मिळाल्या की ५४, ५५ आणि ५६ हे पत्तेही तसेच वाचा आणि चारही तुकडे जपून ठेवा. या चिपमध्ये मशीनचा अनुक्रमांकही असतो. पुढे काही बिघडलं तर मूळ मजकुराची दुसरी प्रत कुठेही मिळणार नाही.

डेटा आणि क्लॉक सोडवा, लॅपटॉप पुन्हा चालू करा, पासवर्ड टाका. आत गेल्यावर सिक्युरिटी, मग पासवर्ड, मग सुपरवायझर: जुना पासवर्ड द्या, नव्याच्या दोन्ही जागा रिकाम्या ठेवा, एफ-१० ने जतन करा. हे लगेच करा, चिपवर सोल्डर केलेल्या तारा काढण्याआधी.

या चिपची डेटा आणि क्लॉक पिन चिमट्याने एकमेकींना टेकवून बायोसला गोंधळात टाकायची युक्तीही चालते, विशेषतः नंतरच्या थिंकपॅडवर. सेटअपची कळ दाबताच अचूक क्षणी टेकवलं तर चिप वाचता न आल्याने बायोस पासवर्ड न विचारता आत सोडतो. क्षण चुकला तर मात्र ०१७७ म्हणजे सुपरवायझर पासवर्डचा मजकूर खराब, किंवा ०१७५ म्हणजे बेरीज चुकली, असं लिहून मशीन तिथेच थांबतं, आणि मग चिपवर लिहिण्याखेरीज मार्ग उरत नाही. वाचणं शक्य असेल तिथे मी हे करत नाही. शिवाय तोवर वाचून ठेवलेली प्रत नसेल तर परत लिहायला काही नसतं.

ज्या लॅपटॉपांत पासवर्ड बायोसच्या २५ मालिकेतल्या फ्लॅश चिपमध्ये असतो, तिथे सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र) आणि आठ पिनांची क्लिप लागते. चार्जर, बॅटरी, सेल सगळं काढून वाचायचं. या स्वस्त काळ्या प्रोग्रॅमरच्या बऱ्याच प्रतींत डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, चिप ३.३ व्होल्टची असते, आधी मोजा. मूळ प्रत न जपता दुसऱ्या मशीनची फाइल चढवली तर अनुक्रमांक आणि नेटवर्क कार्डाचा पत्ताही त्याच मशीनचे होऊन बसतात.

राहिली हार्ड डिस्क. तिचा पासवर्ड डिस्कच्याच राखीव भागात असतो. ती काढून दुसऱ्या संगणकाला लावली तरी कुलूप तसंच. लिनक्समध्ये एचडीपार्म हा प्रोग्रॅम तिची स्थिती सांगतो. ‘लॉक्ड’ म्हणजे बंद, ‘फ्रोझन’ म्हणजे बायोसने सुरक्षेच्या आज्ञा गोठवल्यात. संगणक एकदा झोपवून जागा केला की हे बहुधा सुटतं. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर वीज तोडून पुन्हा द्यावी लागते. सुरक्षेची पातळी ‘हाय’ असेल तर मास्टर पासवर्डने (नेहमीच्या पासवर्डाखेरीज डिस्कवर असणाऱ्या दुसऱ्या पासवर्डने) डिस्क उघडते. ‘मॅक्सिमम’ असेल तर मास्टरने फक्त पूर्ण पुसता येते. मास्टरचा आवृत्ती-क्रमांक ६५५३४ दिसत असेल तर तो कारखान्यातून आल्यापासून कोणी बदललेला नाही. आणखी एक घोळ: काही बायोस टाइप केलेला शब्द स्कॅन कोडमध्ये किंवा दुसऱ्या रूपात बदलून डिस्कला देतात, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही एचडीपार्ममधून तो नाकारला जातो, तशी डिस्क त्याच पिढीच्या लॅपटॉपमध्ये घालून उघडा. दोन्ही पासवर्ड गेले असतील तर साध्या जुन्या डिस्कवरचा मजकूर गेला असं धरा. स्वतः कूटबद्ध करणाऱ्या नव्या डिस्कच्या लेबलवर पीएसआयडी हा ३२ अक्षरांचा ओळख-क्रमांक छापलेला असेल, तर तो देऊन डिस्क कोरी करून निदान वापरता येते.